पावण्यांचा नंबर आधी

नंबर हा शब्द इंग्रजी आहे असं शाळेत कुणीतरी सांगितलं, तेव्हा मला ते खरं वाटलं नव्हतं. आमच्या गल्लीत तो मीठ-मिरचीसारखा रोजच्या वापरात होता. सकाळी नळाला नंबर लावायचा. परीक्षेत कितवा नंबर आला ते येणाराजाणारा विचारायचा. आत्याच्या मुलाचा आयटीआयला नंबर लागला म्हणून पेढे आले होते, आणि गावाकडच्या काकांच्या उसाला कारखान्याचा नंबर लागत नाही म्हणून ते दर हिवाळ्यात तोंड पाडून बसायचे. दुधाच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं फेसाळ दूध पिऊन माणसं मिशी पुसत ‘एक नंबर’ म्हणायची. ज्याचं घर बघता बघता तीन मजली व्हायचं त्याचा धंदा दोन नंबरचा असायचा. एखादं म्हातारं माणूस गेलं की त्याच्या वयाचे लोक स्मशानातून परत येताना ‘आता कुणाचा नंबर?’ असं एकमेकांना हसत विचारायचे. ही सगळी वापरायची रीत कुणी शिकवली नाही. ती कळत होती, एवढंच.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे आणि या शब्दाचा मला मनापासून वीट आला आहे. मी एका कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचं काम बघते. जून-जुलैत खिडकीपलीकडून दिवसभर एकच प्रश्न येतो, “मॅडम, माझा नंबर लागंल का?” संध्याकाळी घरी आल्यावर कुणी साधा फोन नंबर विचारला तरी माझं डोकं दुखायला लागतं. त्यात गेलं वर्षभर सुट्ट्या काढून मी दवाखान्यांच्या बाकांवर बसून आहे. प्रवास करून माणूस थकतो, काम करून थकतो, पण नुसतं बसून इतकं थकता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

ही बसाबस माझ्या वडिलांसाठी. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ‘आम्ही’ म्हणायची सवय राहिली आहे, खरं तर तसं म्हणणारी घरात आता मी एकटीच आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. धाकटा भाऊ परदेशात असतो आणि फोनवर खूप काळजी करतो. माझं लग्न झालं नाही, का झालं नाही हा वेगळा विषय आहे आणि तो इथं नको. घरातली थोरली म्हणून मला सगळे अक्का म्हणत आले, अण्णासुद्धा.

अण्णांची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत झाली. तिथंही नंबर होताच. भट्टीतून एका वेळी लोखंडाचा जेवढा रस निघतो त्याला हीट म्हणतात, प्रत्येक हीटला नंबर असतो आणि त्या रसातून ओतलेल्या प्रत्येक कास्टिंगवर तो उमटवतात. पुढं कधी तो भाग तुटला तर नंबर बघून कुणाच्या हातची हीट ते सापडतं. अण्णा जेवताना सांगायचे की आपल्या हीटचं एकही कास्टिंग परत आलं नाही. ते खरं असेल का हे मला माहीत नाही, पण ते सांगताना त्यांची पाठ ताठ व्हायची.

रिटायर झाल्यावर अण्णांनी दुसरं काम पत्करलं, ते म्हणजे गल्लीसाठी नंबर धरण्याचं. गॅस, रेशन, आधारचं केंद्र, दातांचा दवाखाना, कुठंही रांग असली की अण्णा पहाटे तिथं हजर. आमच्याकडं पहाटेच्या रांगेत माणसानं उभं राहायचं नसतं. आपली वस्तू ठेवायची, पिशवी, बाटली, वीट, चप्पल, आणि समोरच्या टपरीवर चहा पीत बसायचं. ती वस्तू म्हणजेच तो माणूस. तिला कुणी हात लावत नाही. आमच्या दाराआड खिळ्याला एक झिजलेला जोड टांगलेला असायचा, पट्टा तुटलेला, कुणी चोरणार नाही असा. ती अण्णांची नंबराची चप्पल. ती रांगेत ठेवायची आणि पायात दुसरी घालून मोकळं फिरायचं. मला त्या चपलेची लाज वाटायची. दोन वेळा मी ती कचऱ्यात टाकली आणि दोन्ही वेळा त्यांनी ती शोधून परत आणली.

एवढी मेहनत करून मिळवलेला नंबर ते वापरायचे मात्र नाहीत. सरकत सरकत दाराशी पोचले की मागं वळून रांगेवर नजर टाकायची आणि विचारायचं, “कुठलं पावणं?” उत्तर गगनबावडा, शाहूवाडी असं घाटाकडचं आलं की पुढचा प्रश्न गाडीचा. परतीची एसटी कधी, ती चुकली तर पुढची आहे का. नसली की अण्णा बाजूला व्हायचे. “तुमी म्होरं व्हा. आमचं काय, चालत गेलं तरी घर हाय.” मग त्या पावण्याची जी मागची जागा असेल तिथं जाऊन उभे.

हे एकट्या अण्णांचं वेड आहे असं कुणी समजू नये. आमच्या गावातल्या दवाखान्यांत ही रीतच होती, अजून थोडीफार आहे. कुठं पाटी नाही, कुणी सांगत नाही, पण लांबून आलेल्याला गावातला माणूस पुढं जाऊ देतो. लोक रांगेत कडाकडा भांडतील, एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करतील, पण ‘लांबचं हाय’ म्हटलं की वाट देतील. फरक एवढाच की बाकीचे कुणी मागितल्यावर द्यायचे, अण्णा शोधून द्यायचे. पायाला लागलेला लाल चिखल, न वाळलेली छत्री, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले रिपोर्ट, फडक्यात बांधलेली भाकरी, एवढ्यावरून ते माणूस कुठल्या गाडीनं आलं असेल ते ओळखायचे. आई असताना यावरून घरात रोजची कटकट होती. आई म्हणायची, हा माणूस स्वर्गाच्या दारातसुद्धा मागच्याला पुढं घालेल. अण्णा हसायचे आणि म्हणायचे, तिथं कसली घाई.

त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी शुगरनं आधीच गेली होती. अण्णांना वाटायचं भट्टीच्या उजेडानं गेली, डॉक्टर म्हणायचे शुगरनं. तो वाद आम्ही सोडून दिला होता. सगळा कारभार उजव्या डोळ्यावर चालला होता. गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी संध्याकाळी मी भाजी निवडत होते, तर अण्णा माझ्याकडं तिरकं बघत म्हणाले की दाराच्या बाजूला वरून काळं फडकं लोंबतंय, ते काढ. दाराला काहीच लोंबत नव्हतं. मी उठले, त्यांच्या डोळ्यापुढं हात फिरवला, आणि भाजी तशीच टाकून रिक्षा बोलावली.

आमच्या नेहमीच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी तपासलं. डोळ्याच्या आतला पडदा कडेनं सुटत चालला आहे, म्हणाल्या. मधला भाग अजून चिकटलेला आहे आणि सगळं बारीक दिसणं त्या मधल्या भागावर असतं. तो सुटला तर नंतर ऑपरेशन करूनही दृष्टी पहिल्यासारखी येत नाही. पडद्याचे डॉक्टर बाहेरगावाहून दर गुरुवारी एका हॉस्पिटलात येतात, त्यांना या गुरुवारी न चुकता दाखवायचं. बाईंनी चिठ्ठी लिहून दिली आणि मला बजावलं की ही काउंटरवर दिली की रांगेत न थांबवता आत घेतील. मी चिठ्ठी अण्णांच्या हातात दिली. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली.

गुरुवारी मी सकाळी उठून डबा करते तोवर अण्णा हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर चप्पल ठेवून आलेसुद्धा होते. एका डोळ्यानं, त्यातही वरून काळं फडकं लोंबणाऱ्या, ते इतक्या सकाळी रस्ता ओलांडून गेले होते. मी रागावले तर म्हणाले, नंबर नऊ मिळालाय, चांगला हाय. नंतर हॉलमध्ये बसल्यावर मी विचारलं, चिठ्ठी? ते म्हणाले, खिशात हाय की. मला वाटलं दिली असेल, दाखवली असेल, मग परत खिशात ठेवली असेल. एवढ्यावर मी विश्वास ठेवला.

डॉक्टर उशिरा आले. मध्येच एक तातडीचं ऑपरेशन निघालं, त्यात दुपार गेली. हॉलमध्ये पंखे नुसते आवाज करत होते आणि ओल्या छत्र्यांचा वास भरून राहिला होता. आठवा नंबर आत गेला आणि नेमका माझा फोन वाजला. ऑफिसातून होता, प्रवेशाचं काहीतरी अडलं होतं. आत रेंज येईना म्हणून मी जिन्यात गेले. तिकडच्या मुलीला मी तेच तेच पुन्हा सांगत होते, आवाज तुटत होता, आणि मला मनातून वाटत होतं की फोन सरळ खाली फेकून द्यावा. परत आले तेव्हा अण्णांची खुर्ची रिकामी होती. मला बरं वाटलं, आत गेले म्हणून. मग ते मला हॉलच्या पार टोकाला, भिंतीजवळ बसलेले दिसले.

“अण्णा, तुमचा नंबर?”

“दिला की.”

एक बाई नवऱ्याला घेऊन गगनबावड्याच्या पलीकडच्या कुठल्याशा वाडीतून आली होती. त्यांची गाडी साडेचारला होती. ती गेली की मुक्काम, आणि घरी दुभती म्हैस बांधलेली, असं अण्णांनी मला समजावून सांगितलं. त्या दोघांचा नंबर शेवटून तिसरा होता, तो आता आमचा. मी विचारलं, चिठ्ठी काउंटरवर दिली होती ना. त्यांनी खिशावर हात ठेवला.

“चिठ्ठी दाखवून म्होरं जायचं म्हणजे वशिला झाला, अक्का. सगळी बिचारी सकाळधरनं बसल्यात.”

“आणि डोळा?”

“डोळा काय पळून चाललाय व्हय?”

मी त्यांच्या खिशातून चिठ्ठी काढली आणि काउंटरवर पळाले. सिस्टरनं ती वाचली, तिचा चेहरा बदलला, ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. डॉक्टर आत नव्हते. त्या बाईच्या नवऱ्याला तपासून ते दुसऱ्या गावच्या तातडीच्या केससाठी मागच्या दारानं निघाले होते, उरलेल्यांना पुढच्या गुरुवारी बोलावलं होतं. सिस्टरनं फोन लावला, तो लागला नाही. ती मला म्हणाली, सकाळीच का नाही दिली चिठ्ठी. मी चिठ्ठी परत घेतली. मागं वळून बघितलं तर ती बाई नवऱ्याचा हात धरून जिना उतरत होती. उतरता उतरता थांबून तिनं अण्णांना नमस्कार केला आणि अण्णांनी हात वर करून, जावा जावा, गाडी चुकंल, अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाड्याची गाडी करून त्यांना मिरजेला नेलं. तिथलं हॉस्पिटल मोठं, खुर्च्या चांगल्या, भिंतीवर पडदा आणि त्यावर लाल आकड्यांत टोकनचा नंबर. चप्पल ठेवायला पायरी नाही, मागं वळून कुणाला काही विचारायची सोय नाही. आवाज होतो, आकडा बदलतो, माणूस उठतो. अण्णांना तो आकडा दिसत नव्हता. दर आवाजाला ते मला कितवा चाललाय ते विचारत होते. इथं आम्ही लांबून आलेले होतो, पण ‘कुठलं पावणं’ असं कुणी विचारलं नाही. अण्णांना त्याचं काही वाटलं नसावं. मला वाटलं. आदल्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि त्या गार हॉलमध्ये बसून मला कुणीतरी नुसतं एवढं विचारावं असं फार वाटत होतं.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी खूप वेळ तपासलं. मग खुर्ची मागं घेऊन ते म्हणाले, “मधला भाग सुटला आहे. फार जुना दिसत नाही, काल-आजचाच असेल. पडदा आपण बसवू. दिसणं किती परत येईल ते आत्ता सांगत नाही.” ते माझ्याकडं बघून बोलत होते, पण अण्णा शेजारीच बसले होते आणि त्यांचे कान ठणठणीत होते. त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं की आपलं जेवण झालं का.

ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅस भरला होता. तो पडद्याला आतून दाबून धरतो, म्हणून पेशंटनं पालथं झोपायचं, बसलं तरी मान खाली घालून बसायचं. उंचावर जायचं नाही, पन्हाळ्यालासुद्धा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पन्हाळ्याला कोण चाललं होतं. घरी मी दोन उशांच्या मध्ये फट ठेवून त्यांचं कपाळ टेकवायची व्यवस्था केली. ते तसे दिवसेंदिवस पडून राहिले, न कुरकुरता. मी खाली बसून, ताट फरशीवर ठेवून, त्यांच्या तोंडात घास द्यायची. मग ऑफिस, मग परत घास, थेंब, शुगरचं इंजेक्शन. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. पाठ दुखायची आणि भात गार व्हायचा, एवढं आठवतं.

एकदा असाच घास देताना ते खाली फरशीकडं तोंड करून म्हणाले, “ती बाई पोचली असंल न्हवं येळेत?”

मला इतका राग आला की ताट तिथंच ठेवून मी गॅलरीत गेले. त्या बाईचा राग, तिच्या नवऱ्याचा, तिच्या म्हशीचा, साडेचारच्या एसटीचा. आणि सगळ्यात जास्त ह्या माणसाचा. ज्यानं जन्मभर कुणाकुणाला पुढं घातलं त्यानं शेवटी मला मागं उभं केलं, असं मला वाटलं. कारण डोळा त्यांचा गेला तरी पुढचं बघायचं मलाच होतं. हे कठोर आहे, पण तेव्हा अगदी असंच वाटलं होतं आणि अजूनही थकल्या दिवशी वाटतं. थोड्या वेळानं आत आले. ते तसेच पडून होते, तोंडातला घास कधीच गिळून झाला होता.

“पोचली असंल की,” मी म्हटलं आणि दुसरा घास कालवला.

गॅस जिरला, पट्टी गेली. पडदा जागेवर बसला होता, डॉक्टर खूश होते. पुढं चष्म्यासाठी तपासायला नेलं तेव्हा तिथला मुलगा एकेक काच बदलत विचारत होता, काका, आता बरं का, आता? अण्णा प्रत्येक काचेला “जरा बरं हाय” म्हणत होते. तो मेहनत घेतोय, त्याला वाईट वाटू नये म्हणून. शेवटी त्यानं वैतागून खरं सांगा म्हटलं, तेव्हा अण्णा म्हणाले की सगळं सारखंच दिसतंय. त्यानं काचा डब्यात ठेवल्या आणि नंबरानं फरक पडणार नाही, असं मला हळूच सांगितलं. अण्णांना ते ऐकू गेलं असणारच.

आता त्यांना कडेकडेनं दिसतं. मधोमध, जिथं बघावं तिथं, धुरकट ठिपका. माणूस आहे हे कळतं, कोण ते कळत नाही. घरात ते भिंतीला हात लावत नीट फिरतात. दाराला कडी घालतात. चहा स्वतः ओतून घेतात आणि थोडा सांडतात. बाहेर मात्र एकटं जाता येत नाही. गल्लीनं सुरुवातीला हळहळ केली, मग नंबर धरायची दुसरी सोय केली. नंबराची चप्पल दाराआड खिळ्याला तशीच आहे. तिच्यावर धूळ बसते आणि मी ती झाडून परत तिथंच टांगते. का टांगते कोण जाणे.

मागच्या महिन्यात गुरुवारी आम्ही त्या गावातल्याच हॉस्पिटलात गेलो. पडद्याच्या कडेला नवीन जागा पातळ झाली होती आणि तिथं लेसर करायचं होतं. उरलंय ते टिकवायचं तर या गुरुवारीच करून घ्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. या वेळी चिठ्ठी मी स्वतः काउंटरवर दिली आणि तरीही नंबर घेतला, कारण सिस्टरनं, पाचव्या नंबराला नक्की घेते, असं सांगितलं. सकाळपासून पाऊस लागला होता. हॉल भरला होता. मी अण्णांना मधल्या रांगेत बसवलं आणि शेजारी बसले. डोळे मिटून भिंतीला डोकं टेकावं एवढीच माझी इच्छा होती.

अण्णांनी माझ्या मनगटाला हात लावला. “लांबचं कोण हाय का बघ.”

मी डोळे उघडले. समोरच्या ओळीत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. घोट्यापर्यंत लाल चिखल, मांडीवर ओली घोंगडी, प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट. अण्णांनी दारातूनच ओळखला असता असा. त्याच्या हातातला कागद मला दिसत होता, त्याचा नंबर आमच्याहून बराच मागं होता. मी त्याच्याकडं बघितलं आणि मग अण्णांच्या डोळ्याकडं बघितलं.

“न्हाई, अण्णा. सगळी गावातलीच हायत.”

त्यांनी मान हलवली आणि हात मांडीवर घेतला. मला हायसं वाटलं. वाईटही वाटलं, पण हायसं आधी वाटलं.

थोड्या वेळानं तो म्हातारा सिस्टरला विचारायला लागला. घाटाकडच्या लोकांचा आवाज मोठाच असतो, डोंगरात हाक मारायची सवय. “बाई, तीनच्या आत हुईल का? गगनबावड्याची गाडी हाय. म्होरची मग रातच्यालाच.” सिस्टरनं काहीतरी थातुरमातुर सांगितलं.

अण्णांची मान त्या आवाजाकडं वळली. ते आता काहीतरी बोलतील, उठतील, मी त्यांचा हात धरीन, भर हॉलमध्ये आमची ओढाताण होईल, एवढं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. तसं काहीच झालं नाही. नंबराचा कागद त्यांनी मुठीत धरला होता, ती मूठ नुसती घट्ट होत गेली.

सिस्टरनं पाच म्हणून हाक मारली. अण्णा जरा वेळ बसून राहिले. मग माझा दंड धरून उठले. दोन पावलं गेल्यावर थांबले आणि आवाज आला होता त्या कोपऱ्याकडं तोंड करून दोन्ही हात जोडले.

“पावणं, राग मानू नका. आज माझा नंबर हाय.”

कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. तो म्हातारा सिस्टरशी बोलून मघाशीच उठला होता आणि खिडकीशी उभा राहून बाहेरचा पाऊस बघत होता. अण्णा रिकाम्या खुर्चीला हात जोडून उत्तराची वाट बघत उभे होते. हॉलमधली माणसं बघत होती. मला रडू फुटेल असं वाटलं, पण तेवढा वेळ नव्हता, सिस्टर दार धरून उभी होती.

मी अण्णांचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना हळूच खिडकीकडं वळवलं.

म्हाताऱ्यानं मागं बघितलं. आधी त्याला कळलं नाही. मग अण्णांचा डोळा बघून कळलं असावं.

“जावा की पावणं,” तो म्हणाला. “मी हाय हितंच.”

मग आम्ही आत गेलो.